त्रासाची वही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांनी ते लिहून मागितलं, म्हणून इथे छापत आहोत. गटाच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)



दर महिन्याला मी येते आणि पहिला प्रश्न विचारते, "लेखे पूर्ण आहेत का?" तुम्ही हसता, कुणी पिशवीतून रजिस्टर काढता, कुणी म्हणता, "ताई, या वेळी राहिलं." आज मी कर्जाचं आणि परतफेडीचं काही विचारणार नाही. पण बोलणार आहे ते लेखे ठेवण्याबद्दलच. वेगळे लेखे आहेत हे. घरात फुप्फुसाच्या कॅन्सरचं माणूस असेल आणि आजार पुढच्या टप्प्यावर असेल, तर उपचार चालू असताना त्याचा त्रास कसा कसा बदलतो, आणि तो लिहून का ठेवायचा, हे सांगायचं आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. समाजकार्य शिकलेली आहे. मला यातलं जे कळतं ते माझ्या आत्यामुळे. तिने मला लहानाची मोठी केली. ती तिच्या गावच्या गटाची सचिव होती. सातवी शिकलेली, पण तिच्या रजिस्टरमध्ये कधी एका रुपयाची चूक निघाली नाही.

तिला खोकला सुरू झाला तेव्हा ती ५२ वर्षांची होती. खोकल्याचं बाटलीतलं औषध झालं, अडुळशाचा काढा झाला. दोन महिन्यांनी छातीचा फोटो काढला. त्यात डाग दिसला आणि टीबीची औषधं चालू झाली. थुंकीत टीबी सापडला नव्हता, तरी झाली. आपल्याकडे टीबी खूप, त्यामुळे फोटोत डाग दिसला की पहिला संशय टीबीचा येतो. पण तीन महिने गोळ्या खाऊन खोकला कमी नाही, वजन उतरत चाललेलं, आणि मग दोन पायऱ्या चढल्या तरी धाप. मोठ्या शहरात नेलं तेव्हा कळलं, फुप्फुसाभोवती पाणी झालंय. पाणी काढलं, तुकडा काढून तपासला. फुप्फुसाचा कॅन्सर, चौथा टप्पा.

"तिनं तर कधी बिडी ओढली नाही!" घरातलं प्रत्येक माणूस हेच म्हणत होतं. तायांनो, बिडी-सिगारेट हे या आजाराचं सगळ्यात मोठं कारण आहे, पण एकटं नाही. आपल्या देशात ज्या बायकांना हा आजार होतो त्यातल्या बहुतेकींनी कधी बिडी ओढलेली नसते. म्हणून "आपल्याला कशाला होतोय" असं म्हणून तीन आठवड्यांच्या वरचा खोकला अंगावर काढू नका. टीबीची औषधं चालू आहेत आणि तरी गुण नाही, तर "पुन्हा तपासा" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

आता मुद्द्यावर येते.

दोन प्रकारचा त्रास

चौथ्या टप्प्यावर आजार फुप्फुसाच्या बाहेर गेलेला असतो. इथे उपचार बहुधा आजार मुळापासून काढण्यासाठी नसतो. आजार मागे रेटायचा, जास्त दिवस मिळवायचे आणि मिळालेले दिवस बरे जातील असं बघायचं, हा हेतू असतो. हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून आम्ही दर वेळी "आता बरी होईल" आणि "आता संपलं" या दोन टोकांमध्ये झोके खात होतो.

त्रास दोन ठिकाणांहून येतो. एक आजाराचा त्रास: खोकला, धाप, छातीत किंवा हाडात दुखणं, थुंकीत रक्त, भूक जाणं, वजन उतरणं. दुसरा उपचाराचा त्रास: मळमळ, थकवा, तोंड येणं, पोट न साफ होणं किंवा जुलाब, अंगावर पुरळ. उपचार लागू पडला की पहिला त्रास उतरायला लागतो आणि त्याच वेळी दुसरा चढतो.

इथेच घरोघरी घोटाळा होतो. एका घरात म्हणतात, "किमो गरम पडली, आधी चालत होती, आता उठवत नाही, बंद करा." दुसऱ्या घरात म्हणतात, "खोकला गेला, आता कशाला खर्च, बंद करा." दोन्ही घरांनी एकच त्रास बघितला आणि त्यावरून सगळ्याचा निकाल लावला. गटाच्या हिशेबात तुम्ही नुसती जमेची बाजू बघून शिल्लक काढता का? नावेही बघता ना? तसंच इथे.

एकवीस दिवसांचं चक्र

आत्याचा तुकडा जीनच्या तपासणीला पाठवला होता. गोळी चालेल असा बदल त्यात निघाला नाही, म्हणून सलाईनमधून किमो ठरली. दर २१ दिवसांनी एक. अशा चार, आणि नंतर एकच औषध पुढे चालू.

किमोच्या आधी काही दिवस तिला फोलिक अॅसिडची गोळी सुरू केली. गरोदर बाईला अंगणवाडीत देतात त्याच जातीची. आत्या म्हणाली, "या वयात मला ही कशाला?" आणि दोन दिवस खाल्लीच नाही. नंतर नर्सताईंनी समजावलं, की या किमोबरोबर ही गोळी आणि बी-बाराचं इंजेक्शन घेतलं नाही तर रक्तातल्या पेशी फार खाली जातात, तोंड जास्त येतं. तेव्हा गोळी छोटी दिसली म्हणून सोडू नका. कशासाठी आहे ते विचारा आणि खा.

२१ दिवसांत काय होतं ते आत्याच्या अनुभवावरून सांगते. औषधाप्रमाणे फरक पडतो, पण साधारण घडी अशी असते.

पहिले दोन-तीन दिवस माणूस उलट टवटवीत दिसतं. उलटी होऊ नये म्हणून आणि या किमोचा त्रास कमी व्हावा म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, त्यांनी भूक लागते, चेहऱ्यावर लाली येते, रात्री झोप मात्र येत नाही. आत्याने दुसऱ्या दिवशी अंगण सारवायला घेतलं होतं!

चौथ्या दिवसापासून एकदम उतार. अंग गळून जातं, जेवणाचा वास नको वाटतो, तोंडाला लोखंडासारखी चव येते. उलटीच्या औषधाने पोट साफ होत नाही. फोडणीचा वास आला तरी ती ओट्यापासून लांब जायची. गार पेज, ताक, नाचणीचं आंबील एवढंच पोटात राहायचं.

सातव्या ते चौदाव्या दिवसांत माणूस वरून बरं दिसायला लागतं, पण आत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी झालेल्या असतात. त्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. या दिवसांत साधा जंतूही जिवावर बेतू शकतो.

तिसऱ्या आठवड्यात ताकद परत येते. जेवण जातं, गप्पा होतात. आणि मग पुढची किमो.

आमची चूक

पहिल्या किमोनंतर दहाव्या दिवशी संध्याकाळी आत्याचं अंग तापलं. थर्मामीटर नव्हता, हाताने बघितलं. पाऊस होता, आम्ही म्हटलं थंडीताप आहे. घरातली तापाची गोळी दिली, वर काढा दिला. ताप उतरला, आम्ही झोपलो. पहाटे ती ओळख देईना. हात-पाय गार, बोलणं असंबद्ध.

गाडी करून नेलं. पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. पाच दिवस शिरेतून औषध चालू होतं. वाचली. डॉक्टर मला म्हणाले, "ताप आला तेव्हाच का नाही आलात?" मी म्हटलं, "आम्हाला कुणी सांगितलं नाही." त्यांनी फाइल उघडली. आत एक छापील कागद होता. इंग्रजीत. त्यात सगळं लिहिलेलं होतं.

त्या दवाखान्याचा मला राग आला, अजूनही आहे. खेड्यातल्या बाईच्या हातात इंग्रजी कागद देऊन सही घेणं म्हणजे सांगणं नव्हे. पण तायांनो, तो कागद मी तरी कुठे वाचला होता? मी पदवी घेतलेली, तुम्हाला रोज "सही करण्याआधी वाचा" म्हणून सांगणारी. मी फाइल नुसती पिशवीत घातली होती.

म्हणून आज तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. किमो चालू असलेल्या माणसाला १००.४ किंवा त्याच्या वर ताप आला, तर रात्र असो, पाऊस असो, त्याच वेळी दवाखान्याला फोन करायचा आणि निघायचं. मनाने तापाची गोळी द्यायची नाही. गोळीने ताप दबतो, आतलं दुखणं दबत नाही, आणि आपण फसतो. कधी कधी ताप न येताही नुसती थंडी भरून येते, अंग थरथरतं, तेव्हाही तसंच निघायचं.

वही कशी सुरू झाली

दवाखान्यातून घरी आल्यावर आत्याने गटाच्या रजिस्टरासारखी एक वही आखली. मला म्हणाली, "पोरी, डॉक्टर विचारतात कशा आहात, मी म्हणते बरी आहे. खोटं नाही बोलत मी. त्या दिवशी बरीच असते."

या वाक्यावर मी खूप विचार केला. बघा, डॉक्टर तिला कधी बघायचे? पुढच्या किमोच्या दिवशी, म्हणजे एकविसाव्या दिवशी. तो तिचा सगळ्यात चांगला दिवस! मधले वीस दिवस डॉक्टरांना दिसतच नव्हते. आणि आपली बायकांची सवय तुम्हाला माहीत आहे. एवढे मोठे डॉक्टर, बाहेर एवढी गर्दी, त्यांना काय आपलं पोट साफ होत नाही म्हणून सांगायचं? लाज वाटते, संकोच वाटतो. त्यातून घरच्या पुरुष माणसाने आधीच सांगितलेलं असतं, "हो हो, ठीक आहे."

वहीत रकाने असे होते: तारीख. किमोपासून कितवा दिवस. ताप. जेवण किती गेलं. पोट साफ झालं का. झोप. आणि पुढे पाच त्रास: खोकला, धाप, दुखणं, मळमळ, थकवा.

त्रास मोजायचा कसा? दवाखान्यात विचारायचे, "शून्य ते दहामध्ये किती?" आत्याला ते जमेना. मग तिने आपलं माप काढलं. आण्यांचं. काहीच नाही तर शून्य. थोडं आहे पण कामं होतात, चार आणे. कामं होतात पण मध्ये बसावं लागतं, आठ आणे. अंथरुणातून उठवत नाही, बारा आणे. सहनच होत नाही, सोळा आणे. रोज दिवेलागणीला लिहायची. तिला लिहवत नसेल तेव्हा ती सांगायची आणि नातू लिहायचा.

पुढच्या भेटीत मी वही डॉक्टरांपुढे ठेवली. मला वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, "मावशी, चौथ्या ते सातव्या दिवशी तुम्ही काहीच जेवत नाही, हे मला कधी सांगितलं नाहीत." त्या दिवशी तीन गोष्टी बदलल्या. उलटीसाठी एक गोळी वाढवली. पोटासाठी औषध दिलं, तेही त्रास झाल्यावर घ्यायचं नाही, किमोच्या दिवसापासूनच घ्यायचं. स्टिरॉइडची गोळी संध्याकाळी घेत होतो, ती दुपारच्या आत घ्यायला सांगितली. तिसऱ्या किमोला आत्या रात्री झोपली आणि पाचव्या दिवशी अर्धी भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली.

आणखी एक गोष्ट वहीने दाखवली. खोकला बारा आण्यांवरून चार आण्यांवर आला होता. धाप आठवरून चारवर. थकवा मात्र प्रत्येक किमोला चढत बारा आण्यांवर गेला. घरात सगळे म्हणत होते, "आजार वाढतोय, बघा किती गळून गेलीय." वहीत दिसत होतं, की आजाराचा त्रास उतरतोय. नंतर स्कॅनमध्येही गाठ लहान झालेली दिसली. थकव्याचं कारण शोधलं तर रक्त फार कमी निघालं. रक्त चढवल्यावर थकवा आठ आण्यांवर आला. सगळा थकवा औषधाने जात नाही. पण "किमो आहे म्हणजे असणारच" म्हणून सोडून दिलं असतं, तर तिचे ते दिवसही अंथरुणातच गेले असते.

औषध बदललं की त्रासही बदलतो

सगळ्यांना एकच उपचार नसतो. म्हणून शेजारणीच्या अनुभवावरून आपलं ठरवू नका.

काहींच्या गाठीत विशिष्ट जीनचा बदल सापडतो. त्यांना रोज घरी घ्यायची गोळी मिळते. बिडी न ओढणाऱ्या बायकांमध्ये हा बदल जास्त सापडतो, म्हणून "जीनची तपासणी केली का?" हे जरूर विचारा. गोळी लागू पडली तर खोकला आणि धाप काही आठवड्यांत उतरू शकते. पण बऱ्याच गोळ्यांनी चेहऱ्यावर, पाठीवर पुरळ येतं, कातडी कोरडी पडते, जुलाब होतात, नखांच्या कडा सुजतात. पुरळ पाहून "औषध उष्ण आहे" म्हणून गोळी बंद करू नका आणि मेडिकलमधून कुठलंही क्रीम आणून फासू नका. दाखवा. त्यावर उपाय असतात, कधी गोळीचं प्रमाण कमी करतात.

दुसरा प्रकार इम्युनोथेरपीचा. शरीराची स्वतःची ताकद जागी करणारं इंजेक्शन. हे महाग असतं. यात सुरुवातीला फार त्रास होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतं. पण काही महिन्यांनीसुद्धा, कधी इंजेक्शन बंद केल्यावरही, जुलाब, नवा खोकला, नवी धाप सुरू होऊ शकते. तेव्हा घरगुती उपाय नको. "हे इंजेक्शन घेतलेलं आहे" असं कुठल्याही डॉक्टरला आधी सांगायचं.

तिसरा प्रकार किरणांचा. आपल्याकडे त्याला "लाइट" किंवा "शेक" म्हणतात. छातीवर शेक दिला तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना जळजळ होऊ शकते. हाडाच्या दुखण्यावर शेक दिला तर पहिले काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं आणि मग एक-दोन आठवड्यांत, कधी थोडं उशिरा, उतरतं. हे आधी माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही.

काही किमोंनी हातापायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून सुटलेली कळत नाही. हा त्रास साठत जातो, म्हणून पहिल्यांदा जाणवला तेव्हाच सांगायचा. आणि केस सगळ्याच किमोंनी जात नाहीत. आत्याचे थोडे विरळ झाले, गेले नाहीत.

त्रास परत येतो तेव्हा

हे सांगायला जड जातं, पण अर्धवट सांगितलं तर मी तुमची फसवणूक करीन.

जवळजवळ वर्षभर वही शांत होती. चार आणे, चार आणे, शून्य, चार आणे. आत्या गटाच्या बैठकीला जायची. मग खोकल्याच्या रकान्यात आठ आणे दिसायला लागले. पाठीत दुखायला लागलं, आधी रात्रीच, मग दिवसभर. तिने वही पुढे सरकवली आणि म्हणाली, "हा किमोचा त्रास नाही. हा पहिल्यासारखा आहे." स्कॅन व्हायच्या आधी तिने ओळखलं होतं. आजार वाढला होता, मणक्यात गेला होता. पाठीला शेक दिला, दुखणं उतरलं. औषध बदललं. पण नव्या औषधाच्या दोन किमोंनंतर वहीत सगळेच रकाने बारा आणे आणि सोळा आणे झाले. उपचाराचा त्रास चढलेला, आणि आजाराचाही उतरत नव्हता.

तेव्हा आत्यानेच डॉक्टरांना विचारलं, "याने मला किती दिवस मिळतील, आणि ते कसे जातील?" त्यांनी खरं उत्तर दिलं. तिने किमो थांबवली. घरात भांडणं झाली. "हार मानली" असं एका नातेवाइकाने म्हटलं. माझं मत विचाराल तर तिने हिशेब बघून निर्णय घेतला होता.

किमो थांबली म्हणजे उपचार थांबले असं नाही, हे नीट ऐका. त्रास कमी करण्याचं वेगळं वैद्यकशास्त्र आहे, त्याला पॅलिएटिव्ह सेवा म्हणतात. दुखण्यासाठी तिला मॉर्फिन सुरू केलं. नाव ऐकून घरचे घाबरले, "व्यसन लागेल, शुद्ध जाईल." डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात घेतलं तर कॅन्सरच्या दुखण्यात असं होत नाही. सुरुवातीला दोन-तीन दिवस झोप येते, मळमळतं, मग ते जातं. पोट साफ न होणं मात्र जात नाही, म्हणून त्याचं औषध रोज बरोबर घ्यावंच लागतं. थोड्या मॉर्फिनने धापही कमी होते. धाप लागली की आडवं झोपवू नका. पुढे उशी घेऊन त्यावर हात टेकवून बसवा, खिडकी उघडा, छोटा पंखा तोंडावर धरा, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला सांगा. पंख्याचा वारा गालांवर, नाकावर लागला की धाप खरंच कमी जाणवते. हे आम्ही रोज केलं.

ही सेवा शेवटच्या महिन्यात मिळाली. ती पहिल्या दिवसापासून मागायला हवी होती, हे मला उशिरा कळलं. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये पुढच्या टप्प्यावरच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचे दिवस चांगले गेले आणि ते जगलेही जास्त. मधला आकडा ११.६ महिने, दुसरीकडे ८.९.

आणि वहीबद्दलही असाच अभ्यास आहे. फ्रान्समध्ये फुप्फुसाच्याच कॅन्सरच्या रुग्णांनी दर आठवड्याला आपला त्रास कॉम्प्युटरवर भरायचा, आणि काही बिघडलेलं दिसलं की दवाखान्याला लगेच कळायचं. १२१ रुग्णांचा निकाल काढला. त्रास कळवणाऱ्यांचा जगण्याचा मधला आकडा २२.५ महिने निघाला, नेहमीप्रमाणे ठरलेल्या तारखेला तपासणी करणाऱ्यांचा १४.९. तिथे लिहिलेलं वाचून लगेच पाऊल उचलणारं माणूस होतं, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. आपल्या वहीलाही वाचणारं माणूस हवं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "मधल्या दिवसांत त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?" नंबर घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

वाट न बघता निघायचं, अशा गोष्टी

हे फळ्यावर लिहून ठेवा.

१. ताप १००.४ किंवा वर, किंवा थंडी भरून थरथर.
२. अचानक वाढलेली धाप, किंवा छातीत कळ.
३. थुंकीतून भरपूर रक्त.
४. तोंड, मान, हात सुजणं, मानेवरच्या शिरा फुगणं.
५. पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाणं, किंवा लघवी-शौचाचा ताबा जाणं.
६. डोकेदुखी, उलट्या, झटका, बोलण्यात गोंधळ.
७. एकच पाय सुजणं आणि दुखणं.
८. दिवसभर पाणीही पोटात न टिकणं.

यातलं पाचवं लागलीच धरा. पायांची ताकद पूर्ण गेली तर ती परत येणं अवघड असतं. तासांचा प्रश्न असतो.

गट काय करू शकतो

आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी आहे. ती सभेत नुसती म्हणायची नाही. पाच कामं सांगते.

पहिलं, प्रत्येक गटाने शे-दीडशे रुपयांचा एक डिजिटल थर्मामीटर घ्या. पेटीत ठेवा. कुणाच्याही घरी लागेल तेव्हा द्या.

दुसरं, अशा घरात वही आखून द्या. सचिव ताईंना हे काम सगळ्यात चांगलं येतं.

तिसरं, पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात किमो आणि शेक यांचीही पॅकेजेस आहेत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. कुठलं औषध योजनेत बसतं आणि कुठलं बाहेरचं, हे आधीच विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना तिकिटात सवलत आहे, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. बाकीच्या खर्चासाठी सावकाराकडे जाण्याआधी ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीचं विचारा.

चौथं, ताटाचं. टीबीच्या संशयावरून आत्याचं ताट-तांब्या वेगळा केला होता. कॅन्सर कळल्यावरही तो वेगळाच राहिला. कुणी मुद्दाम ठेवला नव्हता, कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिच्या मात्र रोज लक्षात यायचं. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्या घरी जा, तिच्याजवळ बसा, तिच्या हातचा चहा प्या.

पाचवं, सांभाळणाऱ्या बाईचं. माझ्या वहिनीने एकोणीस महिने आत्याचं सगळं केलं आणि तिला कुणी एकदाही विचारलं नाही, "तुझी झोप होते का?" गटाने पाळी लावा. आठवड्यातला एक दिवस दुसरी कुणीतरी जाऊन बसली, तर ती बाई निदान दुपारी डोळा लावेल.

आत्या जाऊन आता दीड वर्ष झालं. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानांवर नातवाचं अक्षर आहे. शेवटची नोंद अशी: "दुखणं चार आणे. धाप आठ आणे. आंबील दोन घोट. झोप लागली." सोळा आणे नाही, हे मी आजही बघते. तिला वाचवता आलं नाही, पण शेवटच्या दिवसांतलं दुखणं चार आण्यांवर ठेवता आलं.

दोन गटांत आत्ता अशी घरं आहेत, हे मला माहीत आहे. नावं घेत नाही. सभा संपल्यावर मी वडाखाली थांबते. सहा वह्या आखून आणल्या आहेत आणि तापाचे नियम मराठीत लिहिलेला कागद आहे. ज्यांना हवं त्यांनी घेऊन जा. आणि ज्यांच्या घरी इंग्रजीतली फाइल आहे, त्यांनी ती पुढच्या बैठकीला आणा. आपण बसून वाचू.